मालकांचा आवाज

आमच्या घरी टेलिफोन बसला तेव्हापासून माझी भावजय मथुरा हिला एक खोड लागली होती. कुणाचा निरोप आला की तो ती त्या माणसाच्याच आवाजात सांगायची. मंडळाचे सेक्रेटरी बिंदुमाधवराव असले तर नाकातून, पलीकडच्या गल्लीतली अहल्याबाई असली तर प्रत्येक वाक्याला उसासा लावून. माझा धाकटा भाऊ रघुपती न्हाणीघरात असला तरी आतूनच हसायचा. फोन कुणाचा होता हे त्याला विचारावं लागत नसे. मी नाक मुरडायची. घरच्या सुनेला हे शोभत नाही, असं मी तिला कितीदा तरी ऐकवलं असेल. ती "सरी, अक्का", म्हणजे बरं अक्का, म्हणायची आणि माझी पाठ फिरली की माझीच नक्कल करायची. छान करायची, हेही सांगून टाकते.

माझा नवरा लवकर गेला, म्हणून मी भावाकडे चामराजपेटेत राहायला आले ती तिथलीच झाले. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. शहाजीराजांबरोबर आलो असं आमच्यातलं प्रत्येक घर सांगतं. एवढी माणसं खरोखर बरोबर असती तर राजांना लढावंच लागलं नसतं, गर्दी बघूनच शत्रू पळाला असता. आमच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यामुळे पुण्याहून कुणी आला आणि "अहो, असं कसं" म्हणून घडाघडा बोलू लागला की आम्ही खुळ्यासारखे त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. शुद्ध बोलणारा माणूस मनानेही शुद्ध असणार, असं आम्हाला का वाटतं देव जाणे. हा आमचा जुना रोग आहे आणि त्याच रोगाने आमचा घात केला.

रघुपती बोम्मसंद्राच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होता. कारखान्याचं नाव मी घेत नाही. आमच्या वकिलाने घेऊ नको म्हटलंय, आणि ते नाव तोंडात घोळवायची मला हौसही नाही. तिथे जमिनीखाली एक टाकी होती. ती अधूनमधून आत माणूस उतरवून साफ करावी लागे. टाकीतली वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा जळून बरेच महिने झाले होते. पंखा बसल्याशिवाय मी माणूस उतरवणार नाही, असं रघुपतीने मॅनेजरला साफ सांगितलं होतं. घरी जेवताना दोनदा बोलला होता, म्हणून मलाही ठाऊक.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला रविवार. मी मंत्रालयाला राघवेंद्रस्वामींच्या दर्शनाला गेले होते. सकाळी घरी फोन वाजला. रघुपती आंघोळीला गेलेला, फोन मथुरेने उचलला. पलीकडे खुद्द मालक होते. दसऱ्याच्या आयुधपूजेला ती दरवर्षी कारखान्यात जायची, त्यांचं भाषण ऐकायची. शिवाय एकदोनदा त्यांनी घरी फोनही केला होता, त्यामुळे आवाजात चूक व्हायचं कारण नव्हतं. मालक कन्नडमध्ये म्हणाले, "नोडी तायी, फॅन इल्ल अंत ननगे गोत्तु. आदरू इळीली. नाळे पार्टी बर्तारे." म्हणजे, हे बघा बाई, पंखा नाही हे मला माहीत आहे. तरी उतरू दे. उद्या पार्टी, म्हणजे माल घेणारं गिऱ्हाईक, येणार आहे. रघुपती बाहेर आल्यावर मथुरेने त्याला निरोप दिला. तो अर्धवट खाऊन उठला आणि कंपनीच्या जीपमधून गेला.

दोन कंत्राटी कामगार टाकीत उतरले आणि आतच कोसळले. त्यांना ओढून काढायला रघुपती उतरला. दुपारपर्यंत तिघांना एकाच टेंपोतून इस्पितळात नेलं. मी मंत्रालयाचा प्रसाद घेऊन आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

पुढे कंपनीने सांगितलं, इनचार्जने स्वतःच्या अकलेने माणसं उतरवली. मालक त्या दिवशी पूजेत होते, त्यांनी कुणाला फोन केलाच नाही, आणि पंखा जळलाय हे मॅनेजरने त्यांच्या कानावर घातलंच नव्हतं. मॅनेजरनेही मान डोलावली. शहरातल्या शहरात केलेल्या फोनची कुठे नोंद राहत नाही, हे आम्हाला वकिलाकडून कळलं. म्हणजे पंखा नाही हे मालकांना माहीत होतं, याला जगात एकच पुरावा उरला, तो म्हणजे मथुरेचे कान.

एरवी तीन माणसांसाठी या देशात कोण विचारतं? पण लोकसभेची निवडणूक दिसू लागली होती आणि मालकांना तिकीट हवं होतं. ते विरोधकांना नको होतं. म्हणून विधानसौधात, आमच्या विधानसभेत, आरडाओरडा झाला, आणि सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी नेमली. आमच्या दुःखाचा त्यात काही संबंध नव्हता, पण दार उघडलं होतं. वकील म्हणाला, न्यायाधीशांनी या बाईंच्या एका वाक्यावर विश्वास ठेवला तर मालकांवर खटला होतो आणि तिकीटही जातं. नाही ठेवला तर तीन मेलेल्यांचं पाप रघुपतीच्या डोक्यावर.

मथुरा ते वाक्य वकिलाला सांगायची, पोलिसांना सांगायची, पण अगदी सपाट आवाजात, पाढे म्हटल्यासारखं. नक्कल तिने रघुपती गेला त्या दिवसापासून बंद केली होती. मी एकदा म्हटलं, तू त्यांच्या आवाजात म्हणून दाखव ना, लोकांचा विश्वास बसेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

याच दिवसांत राजस आला. पुण्याचा पोरगा, तिशीही न गाठलेला, मारतहळ्ळीकडे शेतांच्या कडेला स्वस्तात खोली घेऊन राहणारा. कंपन्यांसाठी जाहिरातींच्या फिल्म करायचा आणि मोठा पिक्चर काढायची स्वप्नं बघायचा. मंडळाच्या गणेशोत्सवात मथुरा दरवर्षी नाटकात काम करायची. तिची दोन वर्षांपूर्वीची भूमिका त्याने पाहिली होती. तो आमच्या सोप्यावर मांडी घालून बसला, हाताने पोहे खाल्ले, मला "आत्या" म्हणाला. राजकारण आणि कारखानदारी यांचं साटंलोटं उघडं पाडणारा पिक्चर करायचा, आणि नवरा गमावलेल्या बाईचं काम खुद्द मथुरेनेच करायचं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे डोळे खरंच पाणावले होते. मी आजही म्हणते, ते पाणी खरं होतं. खऱ्या पाण्याने माणूस खरा ठरतो असं थोडंच आहे?

मी विचारलं, चौकशी चालू असताना हे बरं का. तो म्हणाला, "आत्या, चौकशीचा रिपोर्ट कोण वाचतं? पिक्चर लोक बघतात. आणि ही नुसती टेस्ट आहे, ताईंचा चेहरा कॅमेऱ्यात कसा येतो ते बघायला. कुणाला दाखवणार नाही." इतकं गोड मराठी आमच्या घरात कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मथुरेने माझ्याकडे पाहिलं. रघुपती गेल्यानंतर तिच्या तोंडावर काहीतरी हवंसं वाटल्याची खूण मी पहिल्यांदाच बघत होते. मी हो म्हटलं. वकिलाला विचारावं असं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आपल्या माणसाशी बोलायला वकील कशाला?

टेस्ट मंडळाच्या हॉलमध्ये दिवसाउजेडी झाली. एक टेबल, त्यावर फोन, समोर कॅमेरा. मी फ्लास्कमध्ये कॉफी घेऊन कोपऱ्यात बसले. राजस म्हणे "ॲक्शन", मथुरा फोन उचले, ऐके, चेहरा उतरे, ते वाक्य आपल्याच आवाजात म्हणे आणि रडे. "कट" म्हटलं की पदराने डोळे पुसे. मग तो म्हणे, आता जरा कमी रडा. आता अजिबात रडू नका, सुन्न व्हा. आता असं करू, फोन मालकांचा नाही, मॅनेजरचा आहे. आता फोन नवऱ्यानेच घेतला, तुम्ही फक्त बघताय. एकच प्रसंग दहा तऱ्हांनी करायचा आणि मग निवडायचं, ही त्या लोकांची कामाची रीत असते म्हणे. मथुरा प्रत्येक तऱ्हा करत होती, आणि दर वेळी अधिक चांगली. नाटकवालीला कुणी "अजून एकदा" म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरतं. घरी भिंतीकडे तोंड करून पडणारी बाई तिथे ताठ उभी होती, मला तिचं कौतुक वाटत होतं.

शेवटी तो म्हणाला की प्रेक्षकाला मध्येच शंका आली पाहिजे. ही बाई खोटं तर बोलत नाही ना? असं समजा की फोन आलाच नव्हता, आणि बाई आरशासमोर चौकशीची तालीम करतेय. मथुरेने ते इतकं झकास केलं म्हणून सांगू. "मालकांचा फोन आला होता" हे एकच वाक्य ती तऱ्हेतऱ्हेने म्हणून बघत होती. एकदा हुंदका घालून, एकदा हुंदका काढून, एकदा कपाळाला हात लावून, मग नको वाटून हात खाली घेऊन. कट झाल्यावर तिने विचारलं, "कसं झालं? खोटं वाटलं ना?" आणि हसली. तीन-चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी उठून तिच्या हातात कॉफीचा पेला दिला.

फक्त एक गोष्ट तिने केली नाही. मालकांचा आवाज काढून दाखवा, म्हणून राजस अगदी काकुळतीला आला होता. ती नको म्हणाली. का नको, ते सांगेना.

चौकशीत मथुरेची साक्ष ऑक्टोबरात झाली. मालक स्वतः कधीच यायचे नाहीत, त्यांचे वकील यायचे. वकील मोठे सभ्य होते. तिला बसायला खुर्ची द्यायला लावली, पाणी मागवलं. तिने सपाट आवाजात तिचं वाक्य सांगितलं. न्यायाधीश लिहून घेत होते, आणि मला वाटलं, बसतोय, बसतोय विश्वास. मग वकिलांनी विचारलं, आपण नाटकात काम करता ना? ती म्हणाली, हौशी. प्रेक्षकांना रडवता? ती म्हणाली, भूमिका असेल तर. हवं तेव्हा रडता येतं? उत्तराची वाट न बघता वकिलांनी हात केला आणि आमच्या इथल्या शिवाजीनगरातून भाड्याने आणलेला एक टीव्ही ढकलगाडीवरून आत आला.

आधी राजसचा आवाज ऐकू आला, "ॲक्शन". मग सगळं दिसलं. रडणारी मथुरा, डोळे पुसून "पाणी कमी आलं का?" विचारणारी मथुरा, मॅनेजरचा फोन घेणारी मथुरा, फोन घेतलाच नाही अशी मथुरा. लोक पुढे सरकून बघत होते. शेवटी आरसा. "मालकांचा फोन आला होता." हुंदक्यासकट, हुंदक्याशिवाय. "कसं झालं? खोटं वाटलं ना?" आणि ते हसणं. पडद्याच्या कडेने एक हात आला, त्यात कॉफीचा पेला. तो हात माझा होता, बांगडी नसलेला.

आमचा वकील उठून ओरडत होता की ही अभिनयाची टेस्ट आहे, पुरावा नाही. मालकांचे वकील म्हणाले, अगदी मान्य, मलाही तेच म्हणायचंय. मग मथुरेकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, यातली खरी कोणती, एवढंच सांगा."

मथुरा उभी राहिली. खांदे हलायला लागले आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. रघुपतीला उचललं तेव्हाही ती तशी रडली नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हटलं, "कट." पाच-सहा जण हसले. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं, पण चष्मा काढून ते तिच्याकडे बघत होते ते पडद्याकडे बघावं तसंच. आणि मी काय सांगू? तिची मी नणंद, तिला पोटच्या पोरीसारखी वागवलेली. त्या क्षणी माझ्या मनात आलं, हे रडणं मी आधी पाहिलंय. माझीच मला किळस आली, पण आलेला विचार काही परत जात नाही.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. साक्षीदार विश्वासार्ह नाही, फोन आल्याचं सिद्ध होत नाही, दुर्घटनेला इनचार्जचा हलगर्जीपणा जबाबदार. मालकांना तिकीट मिळालं. पेपरात बातमी आल्यावर एका कामगाराची बायको आमच्या दाराशी आली. होसूरकडची होती, कडेवर मूल. आत ये म्हटलं तर आली नाही. मथुरेला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला खड्ड्यात घातलं आणि तू तिकडे सिनेमा खेळत होतीस." उंबऱ्यावर थुंकली आणि गेली. मथुरेने फडकं आणून उंबरा पुसला. मला हात लावू दिला नाही.

मी मारतहळ्ळी गाठली. राजसने मला चहा केला. त्याने काही लपवलं नाही, तेवढं मात्र खरं. पिक्चरला कुणी पैसा घालेना, बँक दारात उभी करेना, तेव्हा एक गृहस्थ आले आणि टेस्टच्या टेपा द्या, पिक्चर आम्ही उभा करतो म्हणाले. कोणाचे गृहस्थ, ते त्याने विचारलं नाही. न विचारण्यातच त्याचं शहाणपण होतं. मी म्हटलं, तू तिचा गळा कापलास रे. तो मान खाली घालून म्हणाला, "आत्या, एका केसपेक्षा पिक्चर मोठा आहे. केस ताई कदाचित हरल्याच असत्या. पिक्चरमध्ये मी त्यांना जिंकवणार आहे." मी चहा तसाच ठेवून उठले. त्याने मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायची तयारी दाखवली.

आणि त्याने शब्द पाळला हो. पिक्चर झाला, हिंदीत झाला, मुंबईची नटी घेऊन झाला. विधवा न्यायाधीशांपुढे उभी राहते, एक वाक्य बोलते, सगळं सभागृह थरारतं. शेवटी दुष्ट मालकाला विधानसौधासारख्या दिसणाऱ्या पायऱ्यांवरून बेड्या घालून उतरवतात. सुरुवातीला पाटी येते, सर्व पात्रं काल्पनिक. बक्षीसही मिळालं. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा सबंध चामराजपेटेने पाहिला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीपासून मठातल्या आचाऱ्यापर्यंत जो तो मथुरेला म्हणत होता, शेवटी न्याय मिळाला बघा. ज्यांनी निकालाची बातमी वाचली होती तेही म्हणत होते. मथुरा मान हलवायची आणि कोथिंबीर निवडायची.

अठ्ठ्याण्णवच्या गणेशोत्सवात मंडळाला सत्कारांची उबळ आली. मंडळाला इमारतीसाठी सरकारी जागा हवी होती आणि मालक एव्हाना खासदार होते. बिंदुमाधवराव आमच्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि नाकातून म्हणाले की पिक्चरची प्रेरणा म्हणून मथुराबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे. प्रमुख पाहुणे कोण, हे त्यांनी जाता जाता सांगितलं, चपला घालता घालता. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. ते म्हणाले, गोदूबाई, झालं गेलं गंगेला मिळालं, पिक्चरमध्ये काही त्यांचं नाव नाही, आणि खासदारांनी स्वतः मोठ्या मनाने होकार दिलाय. समाजाचं काम आहे.

मला वाटलं मथुरा आतून दार लावून घेईल. ती म्हणाली, "जाऊ या, अक्का. मला तो आवाज एकदा जवळून ऐकायचाय."

मंडळातल्या बायकांची वेगळीच चिंता चालली होती, विधवेला कुंकू लावायचं की नाही. शेवटी ठरलं, कुंकू नको, हळद नको, शाल चालेल, नारळ मात्र ओटीत न घालता हातात द्यायचा. एवढा काथ्याकूट त्यांनी शाल कुणाच्या हातून द्यायची यावर केला असता तर बरं झालं असतं.

सत्कार संध्याकाळच्या आरतीआधी होता. त्याच हॉलमध्ये, जिथे टेस्ट झाली होती. मालक आले, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात हार. मी त्यांना पहिल्यांदाच समोरून पाहत होते. माणूस दिसायला वाईट नव्हता. त्यांनी मथुरेच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वाकून नमस्कार केला. मग माइकवर आले. बोलण्याआधी जीभ टाळूला लावून बारीकसा आवाज काढायची त्यांना सवय होती. टक्‌ करून ते म्हणायचे "नोडीऽऽ", ते लांबवून, आणि पुढचं सगळं घाईने. म्हणाले, पिक्चर मी दोनदा पाहिला, माझ्या घरचेही रडले. असल्या मालकांना भर चौकात उभं करायला हवं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मथुरा मान खाली घालून ऐकत होती. ओठ किंचित हलत होते, तिचं नाटकातलं भाषण पाठ चाललेलं असे तेव्हा हलत तसे.

बिंदुमाधवरावांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपाशी गेली. नारळ खाली ठेवला. माइक तोंडाजवळ ओढला.

मग तोच जिभेचा आवाज आला. टक्‌.

"नोडीऽऽ तायी," ती म्हणाली, "फॅन इल्ल अंत ननगे गोत्तु. आदरू इळीली. नाळे पार्टी बर्तारे."

आवाज तिचा नव्हताच. बाईच्या गळ्यातून पुरुष बोलत होता, आणि तो पुरुष तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेला होता. तेच लांबवणं, तीच घाई, "आदरू"वर तोच कंटाळलेला झटका. हे भाषण ऐकून उचलता येण्याजोगं नव्हतं. माणूस भाषणात असा कंटाळत नाही, असा तो फोनवर हाताखालच्या माणसाशी बोलतानाच कंटाळतो.

मी त्यांच्याकडे बघत होते. "टक्‌" ऐकून ते हसले होते. "फॅन" ऐकल्यावर हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे तिथून निघून गेले. हाराशी चाळा करणारी बोटं थांबली. त्यांना ते वाक्य आठवत होतं, शब्दन्‌शब्द. तीन वर्षं माझ्या मनात जो किडा वळवळत होता तो त्या क्षणी मेला. मथुरा खरं बोलत होती, पहिल्यापासून.

पण हॉल हसत होता. लोटपोट हसत होता. आत्ताच पाच मिनिटांपूर्वी ऐकलेले खासदार हुबेहूब उभे केले, याचंच लोकांना अप्रूप. पिक्चरमधलंच वाक्य, खासदारांच्या आवाजात! काय कल्पना, काय धिटाई! अहल्याबाई डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. मागून शिट्टी आली. मग आमच्या लोकांना नाट्यगृहात जे केल्याशिवाय राहवत नाही ते झालं. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि सगळा हॉल ओरडायला लागला.

मालक उभे राहिले. आधी हळू, मग जोरात टाळ्या वाजवायला लागले. एक बोट वर करून तेही म्हणाले, "वन्स मोअर."

मला वाटलं, आता तरी ही माइक फेकेल, शाल फेकेल, किंचाळेल. मथुरेने त्यांच्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि पुन्हा म्हटलं. त्या टक्‌पासून पार्टीपर्यंत, तसंच्या तसं. ती सांगत होती आणि लोक हसत होते. मग तिने हात जोडले, नारळ उचलला आणि खाली उतरली. आरती सुरू झाली.

आम्ही रिक्षाने परत निघालो. मी तिचा हात धरून ठेवला होता. मला तिची माफी मागायची होती, पण कशी मागणार? तुझ्यावर माझाही विश्वास नव्हता, असं सांगायचं? मी एवढंच म्हटलं, "आज मला पटलं गं. तो असंच बोलला होता."

"हो," ती म्हणाली. मांडीवरच्या नारळाची शेंडी ती सोलत होती. "असंच. मी यांना असंच म्हणून दाखवलं होतं, त्याच आवाजात. हे टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. आधी जाणार नाही म्हणत होते, अक्का. मग मी पुन्हा एकदा करून दाखवलं."

रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, डावीकडे ना? मी हो म्हटलं.

"हेही असेच हसले," मथुरा म्हणाली, "आणि हसत हसत गेले."